कुंपणच शेत खाऊं लागलें तर

शेताला कुंपण घालावयाचें तें गुराढोरांपासून पिकाचें रक्षण व्हावें म्हणून. परंतु तें कुंपणच शेत खाऊं लागलें तर फिर्याद कोणाकडे न्यावयाची? मनुष्याच्या शरीरांतहि केव्हां केव्हां असाच प्रकार घडतो. ज्या रक्षक पेशी बाहेरून येणाऱ्या रोगजंतूंस हांकून लावण्यासाठीं असतात, त्याच उलटून आपल्या शरीराच्या एखाद्या अवयवावर चालून जातात. अशा रोगांस डॉक्टर लोक ऑटोइम्यून रोग म्हणतात. मराठींत त्यांस स्वयंप्रतिकारी रोग असें म्हणण्याचा प्रघात पडला आहे. या रोगांचा व आपल्या रोजच्या जेवणाचा संबंध काय, पथ्यानें ते बरे होतात कीं काय, होत असल्यास कोणते होतात व कोणते होत नाहींत, याचा थोडासा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्ही योजिलें आहे.

हा विषय निवडण्यास कारण आहे. हल्लीं मोबाइल फोनवरून आहाराविषयीं उपदेश करणाऱ्यांचा सुकाळ झाला आहे. कोणी सांगतो, गहूं सोडा म्हणजे सर्व व्याधि पळतील. कोणी दूध वर्ज्य करावयास लावतो. कोणी कारल्याचा रस पाजून इन्सुलीनची सुई बंद करावयास सांगतो. पथ्य हेंच औषध, हें म्हणणें एका रोगापुरतें अक्षरशः खरें आहे. आणि तेंच म्हणणें दुसऱ्या एका रोगास लाविलें तर मुलाचा प्राण जाऊं शकतो. हा भेद घरांतील वडील माणसांस व आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असणें अगत्याचें आहे.

प्रथम हे रोग होतात कसे तें पाहूं. आपल्या रक्तांत पांढऱ्या पेशी असतात. गोवराचा किंवा विषमज्वराचा जंतु शरीरांत शिरला कीं त्यास परका म्हणून ओळखणें, त्याच्यावर तुटून पडणें आणि पुढच्या खेपेसाठीं त्याची ओळख लक्षांत ठेवणें, हें त्यांचें काम. लस टोंचल्यानें रोग टळतो तो याच गुणामुळें. आपलें कोण व परकें कोण, हें शिक्षण या पेशींस शरीरांतच मिळतें, आणि बहुतेक माणसांत तें जन्मभर पुरतें. सुप्रसिद्ध जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं असें मत मांडलें होतें कीं, शरीर स्वतःवर शस्त्र उचलण्यास जणूं भितें. या मताचा पगडा पुष्कळ वर्षें टिकला. परंतु १९५६ सालीं अमेरिकेंतील बफेलो येथें नोएल रोज व अर्न्स्ट विटेब्स्की यांनीं सशांवर प्रयोग करून दाखविलें कीं, सशाच्या रक्षक पेशी त्याच्याच गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीवर हल्ला करूं शकतात. त्याच वर्षीं लंडन येथील संशोधकांस थायरॉइडच्या एका रोगानें पीडलेल्या माणसांच्या रक्तांत तसाच पुरावा सांपडला. हा रोग हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनीं १९१२ सालींच वर्णिला होता. त्याचें कारण मात्र ४४ वर्षांनीं उमगलें.

या वर्गांतील रोग पुष्कळ आहेत. हल्ला स्वादुपिंडावर झाला तर बहुधा लहान वयांत जडणारा पहिल्या प्रकारचा मधुमेह होतो. थायरॉइड ग्रंथीवर झाला तर ती बहुधा मंदावते. सांध्यांवर झाला तर बोटें सुजवून वांकडीं करणारा संधिवात होतो. कातडीस रंग देणाऱ्या पेशींवर झाला तर कोड उठतें. आणि लहान आंतड्यावर झाला तर सीलिअक नांवाचा रोग होतो. येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आमच्या नंदुरबार जिल्ह्यांत, विशेषतः आदिवासी कुटुंबांत, सिकलसेल हा रक्ताचा रोग बराच आढळतो. तो या वर्गांतील नव्हे. त्यांत रक्षक पेशींचा दोष नसतो. आईबापांकडून वारशानें आलेल्या गुणामुळें रक्तांतील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. त्याची तपासणी व उपचार निराळे आहेत. म्हणून या लेखांत सांगितलेलें पथ्य त्या रोगास लावूं नये.

आहार व स्वयंप्रतिकारी रोग यांचा संबंध ज्या एका रोगांत सर्वांत स्पष्टपणें उलगडला तो सीलिअक होय. त्याची हकीकत बोधप्रद आहे. १८८८ सालीं लंडन येथील सॅम्युअल गी या डॉक्टरांनीं या रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें. मूल वर्षा-दोन वर्षांचें होईपर्यंत बरें असतें. मग त्यास वारंवार फिकट व दुर्गंधियुक्त जुलाब होऊं लागतात, पोट नगाऱ्यासारखें फुगतें, हातपाय काड्यांसारखे होतात आणि वाढ खुंटते. हा रोग बरा झालाच तर आहारानेंच होईल, असा गी यांचा तर्क होता. परंतु कोणत्या आहारानें, हें त्यांस सांपडलें नाहीं. पुढें १९२४ सालीं न्यूयॉर्क येथील सिडनी हास या डॉक्टरांनीं अशा मुलांस मुख्यत्वें केळ्यांवर ठेविलें, आणि मुलें खरोखरच सुधारलीं. शहाद्याकडील केळीच्या बागाइतदारांस ही वार्ता ऐकून आनंद वाटेल; परंतु गुण केळ्याचा नव्हता. केळीं खाणाऱ्या त्या मुलांच्या ताटांत पाव नव्हता, हें खरें कारण होतें. औषधाचा गुण आला म्हणजे त्याचें कारणहि आपणांस कळलें असें होत नाहीं, हें या उदाहरणावरून विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें.

खरें कारण हॉलंडांत सांपडलें. हेग शहरांतील मुलांच्या रुग्णालयांत विलेम कारेल डिके नांवाचे डॉक्टर होते. गव्हाचा पाव या मुलांस बाधतो अशी शंका त्यांस दुसऱ्या महायुद्धापूर्वींच आली होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत जर्मन सैन्यानें कोंडी केल्यामुळें हॉलंडच्या पश्चिम भागांत भयंकर दुष्काळ पडला. पाव मिळेना, लोक ट्युलिप फुलांचे कंद उकडून खाऊं लागले. सारीं मुलें रोडावत असतां सीलिअक झालेलीं मुलें मात्र पूर्वीपेक्षां बरीं दिसूं लागलीं. आणि पुढें पावाचा पुरवठा पुन्हां सुरू होतांच त्यांचा रोग उलटला. डिके यांनीं एवढ्यावर समाधान मानलें नाहीं. एकेका मुलास गहूं देऊन व काढून, त्याचें वजन व विष्ठेंतील चरबी सहकाऱ्यांच्या साह्यानें मोजून, त्यांनीं १९५० सालीं आपला प्रबंध सादर केला. त्यानंतर दोन-तीन वर्षांत असें निश्चित झालें कीं, दोष गव्हाच्या पिठुळ भागाचा नसून ग्लूटेन नांवाच्या चिकट सत्त्वाचा आहे. कणीक मळतांना जो चिवटपणा येतो तो याच सत्त्वामुळें. तसेंच सत्त्व जव व राय या धान्यांतहि असतें.

आतां हें सत्त्व आंतड्यास कसें बाधतें तें पाहूं. लहान आंतड्याच्या आंतल्या अस्तरावर दाट उभ्या पिकाप्रमाणें असंख्य सूक्ष्म रसांकुर असतात. पचलेलें अन्न शोषून घेण्याचें काम त्यांचें. ग्लूटेन पूर्णपणें पचत नाहीं. त्याचे कांहीं तुकडे शिल्लक राहतात. आपल्याच शरीरांतील एक पाचक द्रव्यासारखा पदार्थ त्या तुकड्यांत किंचित् फेरफार करतो, आणि ज्यांच्या अंगीं विशिष्ट आनुवंशिक गुण आहे त्यांच्या रक्षक पेशी या तुकड्यांस शत्रु समजून खवळतात. मग शत्रूबरोबर त्या पदार्थावरहि हल्ला होतो, आणि रसांकुर झडून आंतड्याचें अस्तर कापणी झालेल्या शेतासारखें सपाट होतें. मूल पोटभर जेवतें, पण अंगीं लागत नाहीं, तें यामुळें. रक्षक पेशींच्या रोषाचा विषय झालेला हा शरीरांतील पदार्थ जर्मन संशोधकांनीं १९९७ सालीं ओळखून काढला; तेव्हांपासून साध्या रक्ततपासणीनें या रोगाचा सुगावा लागूं लागला. वरील आनुवंशिक गुण मात्र पुष्कळ लोकांत असतो, आणि त्यांतील बहुतेकांस हा रोग कधींच होत नाहीं. म्हणून केवळ तो गुण आहे एवढ्यावरून भिण्याचें कारण नाहीं.

या रोगाचें वैशिष्ट्य हें कीं, चिथावणी देणारा शत्रु ताटांतून काढला म्हणजे भांडण मिटतें. ग्लूटेन पूर्ण बंद केलें असतां कांहीं आठवड्यांत जुलाब थांबूं लागतात, मुलाची भूक व वजन वाढतें, आणि महिन्या-वर्षांनीं रसांकुर पुन्हां उगवतात. यास कोणतीहि गोळी लागत नाहीं. मात्र पथ्य जन्मभर पाळावें लागतें, आणि तें कडक असावें लागतें. इटलींतील एका परीक्षेंत दररोज अवघें ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने पोटांत गेल्यानेंहि आंतड्यास अपाय झाल्याचें दिसलें. एका पोळीच्या चाळीस-पन्नासाव्या हिश्श्यांत एवढें ग्लूटेन असतें. सणापुरती एक पोळी खाल्ली तर काय होतें, असें म्हणणाऱ्या आजीबाईंनीं हा हिशेब विसरूं नये.

हा रोग गोऱ्या लोकांचा, अशी समजूत पूर्वीं होती. परंतु १९६० नंतरच्या दशकांत उत्तर भारतांतील मुलांतहि तो आढळून आला. पुढें भारतांत उत्तर, ईशान्य व दक्षिण अशा तीन विभागांतील २३ हजारांहून अधिक लोकांची तपासणी झाली, व तिचा निकाल २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. रक्तांत या रोगाची खूण उत्तरेकडे दर हजारीं सुमारें १२ माणसांत, ईशान्येकडे सुमारें ९ माणसांत, आणि दक्षिणेंत हजारीं अवघ्या एकांत सांपडली. आनुवंशिक गुण तिन्ही विभागांत थोड्याफार फरकानें सारखाच होता. परंतु उत्तरेंतील माणसांच्या जेवणांत गहूं दिवसाकाठीं सुमारें ४५५ ग्रॅम, तर दक्षिणेंत अवघा २५ ग्रॅम होता. ईशान्येंत गहूं थोडा असूनहि रोगाची खूण बरीच आढळली. यावरून गहूं हें एकच कारण सर्व सांगत नाहीं, असें संशोधकांनीं मानिलें आहे. तरी उत्तर व दक्षिण यांतील अंतर विचार करण्याजोगें आहे.

आतां आमच्या जिल्ह्याकडे वळूं. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यापासून निराळा झाला. तत्पूर्वींच्या जुन्या पश्चिम खानदेशचा हा भाग. तापीकांठच्या सपाट प्रदेशांत ज्वारी-बाजरीची भाकरी, उडीद घालून केलेली कळण्याची भाकरी. नवापुराकडे भात व तेथील प्रसिद्ध तूरडाळ. आणि अक्राणी-अक्कलकुव्याच्या सातपुड्यांत ज्वारी, मका, नागली व भगर, असें आमचें मूळ अन्न आहे. यांपैकीं एकाहि धान्यांत सीलिअकला बाधणारें ग्लूटेन नाहीं. ज्या भाकरीस पाहुण्यापुढें वाढण्यास कांहीं लोक संकोचतात, तिचेंच पीठ आज मोठ्या शहरांत सुबक पिशव्यांतून चढ्या भावानें विकलें जातें. इटलींत सीलिअकच्या रोग्यांस ज्वारीचे पदार्थ खावयास देऊन ते निर्धास्त असल्याची खात्री २००७ सालीं करून घेण्यांत आली. आमच्या आयाबायांस तें पीठ पिढ्यान् पिढ्या परिचयाचें आहे. धडगांव तालुक्यांत ग्रामस्थांनीं बाएफ या संस्थेच्या साह्यानें ज्वारी-मक्याचे गांवठी वाण जतन करण्याचें काम चालविलें आहे, तें याहि दृष्टीनें स्तुत्य वाटतें.

परंतु काळ बदलत आहे. रेशनच्या दुकानांतून मुख्यत्वें गहूं व तांदूळ मिळतात. पाव, बिस्किटें, टोस्ट व शेवयांच्या पुड्या पाड्यापाड्यावर पोहोंचल्या आहेत. मुलाच्या हातांत सकाळीं चहाबरोबर बिस्किट ठेवणें ही रीत झाली आहे. गहूं हें वाईट अन्न आहे असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. ज्यास हा रोग नाहीं त्यानें पोळी खुशाल खावी. तिजपासून त्यास बळच मिळेल. मात्र ज्या थोड्या मुलांस हा रोग आहे, त्यांचें निदान आमच्याकडे चुकण्याचा संभव फार आहे. कारण फुगलेलें पोट, काडीसारखे हातपाय, खुंटलेली वाढ व फिकटपणा हीं लक्षणें साध्या कुपोषणाचींहि असतात, जंतांचीहि असतात, आणि फिकटपणा सिकलसेलचाहि असतो. बहुतेक मुलांत तींच कारणें असतात व त्यांचाच उपाय प्रथम झाला पाहिजे. पण पोटभर अन्न, जंतांचें औषध व लोहाच्या गोळ्या नियमानें देऊनहि मूल महिनोन् महिने सुधारत नसेल, जुलाब व पोटाचा फुगारा हटत नसेल, किंवा वयांत येण्यास फार उशीर होत असेल, तर डॉक्टरांस सीलिअकची तपासणी करण्याविषयीं अवश्य विचारावें. पहिल्या प्रकारचा मधुमेह झालेल्या मुलांत व रोग्याच्या सख्ख्या भावंडांत हा रोग अधिक आढळतो, हेंहि लक्षांत असावें.

येथें पालकांस एक कळकळीची सूचना आहे. संशय आला म्हणून तपासणीपूर्वींच गहूं बंद करूं नये. गहूं सोडल्यावर रक्तांतील खुणा नाहींशा होऊं लागतात, रसांकुर भरून येतात, आणि मग रोग होता कीं नव्हता हें सांगणें डॉक्टरांसहि कठीण जातें. आधीं रक्त तपासावें, मग गरज पडेल तर दुर्बिणीनें आंतड्याचा सूक्ष्म तुकडा काढून पाहावा, आणि निदान पक्कें झाल्यावरच पथ्य सुरू करावें. जन्मभराचें पथ्य तर्कावर लादणें बरें नव्हे.

निदान झाल्यावर घरांत काय काळजी घ्यावी, तेंहि थोडक्यांत सांगतों. पोळी, पाव, रवा, मैदा, शेवया, लापशी, बिस्किटें, गव्हाचें किंवा जवाचें सातूचें पीठ, आणि दुधांत घालावयाच्या माल्टच्या भुकट्या वर्ज्य कराव्या. आमच्या खानदेशी बट्ट्या व खापरावरचे मांडेहि अर्थात् वर्ज्य. भाकरी, भात, मका, भगर, नागली, राजगिरा, शिंगाड्याचें पीठ, सर्व डाळी, भाज्या, फळें, दूध, अंडीं, मांस व मासे चालतात. उपवासाचे बहुतेक जिन्नस या मुलांस रोज चालणारे आहेत. परंतु दोन ठिकाणीं शत्रु लपून बसतो. पहिलें ठिकाण पिठाची गिरणी. गव्हाच्या मागोमाग त्याच जात्यावर ज्वारी दळली तर ज्वारीच्या पिठांत गव्हाचें पीठ मिसळतें. म्हणून या मुलाचें धान्य घरच्या जात्यावर दळावें, किंवा घरीं स्वतंत्र लहान गिरणी ठेवावी. तें न जमल्यास गिरणी धुऊन-झाडून घेतल्यावर व आधीं तांदूळ दळून झाल्यावर दळावें, तरी थोडा धोका राहतोच. दुसरें ठिकाण हिंगाची डबी. बाजारांतील पुष्कळ हिंगांत गव्हाचें पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. डबीवरील मजकूर वाचल्यावांचून ती फोडणींत घालूं नये. आपल्या देशांतील नियमाप्रमाणें एक किलो पदार्थांत २० मिलिग्रॅमपेक्षां अधिक ग्लूटेन नसेल तरच त्यावर ग्लूटेनविरहित असें छापतां येतें. शाळेंतील तांदळाची खिचडी अशा मुलास चालण्यासारखी असते. तींतील मसाल्याची चौकशी मात्र करावी, आणि वर्गबंधूंनींहि आपल्या डब्यांतील बिस्किट आग्रह करून त्यास देऊं नये.

इतकें वाचून कोणास वाटेल कीं, सर्वच स्वयंप्रतिकारी रोग असे पथ्यानें जातील. येथेंच मोठा घात होतो. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचें उदाहरण घ्या. यांत रक्षक पेशी स्वादुपिंडांतील इन्सुलीन तयार करणाऱ्या पेशींचा नाश करतात. मुलास फार तहान लागते, लघवीस वारंवार होतें, खाऊनहि वजन झपाट्यानें उतरतें. १९२२ पूर्वीं यास इन्सुलीनचें औषध नव्हतें. होता तो फक्त आहाराचा उपाय. अमेरिकेंतील फ्रेडरिक ॲलन हे डॉक्टर अशा मुलांस जगण्यापुरतें तोलून-मापून अन्न देत. आयुष्य कांहीं महिन्यांनीं, क्वचित् वर्षा-दोन वर्षांनीं लांबे. पण मुलें अस्थिपंजर होत, आणि शेवटीं दगावत. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची कन्या एलिझाबेथ हिला १९१९ सालीं अकराव्या वर्षीं हा रोग जडला. तीन वर्षें तिनें तें कडक पथ्य एका घांसाचीहि चोरी सहसा न करतां पाळलें. १९२२ च्या ऑगस्टांत, पंधरावें वर्ष भरत आलें असतां, तिचें वजन अवघें २० किलोच्या आसपास उरलें होतें. त्याच वर्षाच्या जानेवारींत टोरोंटो येथें लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास इन्सुलीनची पहिली सुई टोंचण्यांत आली होती. एलिझाबेथलाहि तेथें नेलें, इन्सुलीन सुरू झालें, आणि ती १९८१ सालापर्यंत, म्हणजे ७३ वर्षांची होईतों जगली. उत्तमांत उत्तम पथ्य तिला वांचवूं शकलें नसतें, इन्सुलीननें वांचविलें.

म्हणून अशा मुलाच्या आईबापांस आम्ही हात जोडून सांगतों कीं, कारलें, जांभळाच्या बिया, मेथी किंवा कोणाची गुप्त भुकटी यांच्या भरंवशावर इन्सुलीन एक दिवसहि बंद करूं नये. बंद केल्यास कांहीं दिवसांत, कधीं एक-दोन दिवसांतहि, मूल बेशुद्ध होऊन प्राणास मुकूं शकतें. आहाराला येथेंहि महत्त्व आहे. जेवणाची वेळ सांभाळणें, भाकरी-भाताचें प्रमाण व इन्सुलीन यांचा मेळ घालणें, साखर एकाएकीं उतरली तर तोंडांत घालण्यास गूळ किंवा साखर जवळ ठेवणें, हें सर्व आवश्यक आहे. पण येथें आहार हा औषधाचा सोबती आहे; औषधाची जागा तो घेऊं शकत नाहीं. शिक्षकांनींहि अशा मुलास तासाच्या मध्येंच खाऊं द्यावें, यांत शिस्तीचा भंग समजूं नये.

गाईचें दूध लहानपणीं दिल्यानें हा मधुमेह होतो, असा एक तर्क पुष्कळ दिवस चालूं होता. त्याची शहानिशा करण्यासाठीं १५ देशांतील २,१५९ तान्ह्या मुलांवर मोठा प्रयोग झाला. हीं मुलें रोगाचा संभव अधिक असलेल्या कुटुंबांतील होतीं. निम्म्यांस गाईच्या दुधांतील प्रथिनें अगोदरच फोडून तयार केलेलें दूध देण्यांत आलें. २०१८ सालीं निकाल आला, तो असा कीं, मधुमेहाच्या प्रमाणांत फरक पडला नाहीं. तर्क कितीहि पटण्यासारखा असला तरी तो असा कसोटीस लावल्यावांचून त्यापायीं मुलाच्या तोंडचें दूध काढूं नये.

थायरॉइडच्या रोगांत मधला मार्ग आहे. त्या ग्रंथीस आयोडीन लागतें. नर्मदेच्या खोऱ्यांत व भडोच जिल्ह्यांत आयोडीनच्या अभावामुळें गलगंड होत असे, म्हणून आयोडीनयुक्त मीठ वापरणें सर्वांस हितावह आहे. परंतु अति आयोडीननें हाशिमोतोचा रोग बळावूं शकतो; यास्तव मीठ बंदहि करूं नये, आणि आयोडीनच्या जादा गोळ्याहि मनानें घेऊं नयेत. डॉक्टरांनीं दिलेली थायरॉक्सिनची गोळी सकाळीं अनशापोटीं पाण्याबरोबर घ्यावी, व चहा-नाश्ता निदान अर्ध्या तासानें करावा. नाहींतर ती नीट शोषली जात नाहीं. येथें आहाराचें काम एवढेंच.

संधिवातांत आहाराचा थोडा उपयोग दिसतो. १९९१ सालीं नॉर्वेंतील डॉक्टरांनीं कांहीं रोग्यांस प्रथम अल्पाहारावर व मग वर्षभर शाकाहारावर ठेविलें असतां त्यांच्या सांध्यांची सूज व वेदना कमी झाल्या. माशांच्या तेलानेंहि कांहींसा उतार पडतो असें अनेक परीक्षांत आढळलें आहे. परंतु हा उतार माफक असतो. सांधे झिजून वांकडे होऊं नयेत म्हणून औषध वेळेवर सुरू करावेंच लागतें. ड जीवनसत्त्वाविषयीं अमेरिकेंत २५,८७१ प्रौढ स्त्रीपुरुषांवर सुमारें पांच वर्षें प्रयोग झाला. तें नित्य घेणाऱ्यांत नवे स्वयंप्रतिकारी रोग शेंकडा २२ नीं कमी झाल्याचें २०२२ सालीं जाहीर झालें. ही गोष्ट आशादायक आहे. तथापि तीं माणसें पन्नाशी उलटलेलीं होतीं, आणि प्रयोग रोग टाळण्याचा होता, जडलेला रोग बरा करण्याचा नव्हता. शाळकरी मुलांनीं उन्हांत खेळावें हें त्यावांचूनहि चांगलें.

राहिला कोडाचा विचार. मासे खाऊन वर दूध प्यालें असतां कोड उठतें, अशी समजूत आमच्याकडे घरोघर आहे, आणि त्यावरून एखाद्या मुलीच्या आईस आयुष्यभर बोल लावले जातात. या समजुतीस कोणताहि आधार सांपडलेला नाहीं. माशाचें कालवण व दही एकत्र खाणारे लक्षावधि लोक बंगाल्यांत आहेत, आणि त्यांस त्यापासून कोड होत नाहीं. कोड हा स्पर्शानें पसरणारा रोग नव्हे, आणि महारोगाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. तेव्हां अशा मुलामुलींस पंक्तींतून उठविणें, त्यांचें दूध-दही तोडणें किंवा त्यांच्या सोयरिकींत विघ्न आणणें हा शुद्ध अन्याय आहे. ताटाचा दोष नसतांना ताटावर खापर फोडण्याचें याहून ठळक उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

सारांश काय, तर आहार हा सर्व रोगांचा एकच वैद्य नव्हे. सीलिअकमध्यें तोच औषध आहे. मधुमेहांत तो इन्सुलीनचा सोबती आहे. थायरॉइड व संधिवातांत तो मदतनीस आहे. आणि कोडांत मासे-दुधाच्या समजुतीपुरता तो निर्दोष आहे. कोणीहि पथ्य सांगितलें तर विद्यार्थ्यांनीं तीन प्रश्न विचारावे : रोगाचें निदान कोणी व कशावरून केलें? हें पथ्य त्याच रोगावर कसोटीस उतरलें आहे काय? आणि पथ्यासाठीं कोणतें औषध बंद करावयास सांगितलें आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर होय असें आलें, तर तो सल्ला घरीं न ऐकतां जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, किंवा नंदुरबार येथील शासकीय रुग्णालयांत जाऊन डॉक्टरांपुढें ठेवावा. कुंपणानें शेत खाल्लें तर सर्व कुंपण उपटून टाकण्यांत शहाणपण नाहीं, आणि पीक जळालें म्हणून जमिनीस दोष देण्यांतहि नाहीं. कोणत्या बाजूनें नुकसान होतें तें आधीं पाहावें, मग उपाय करावा. आपल्या घरांतील, आळींतील किंवा वर्गांतील एखादें मूल जेवूनहि रोडावत असेल, तर आमच्या वाचकांनीं हा लेख वाचून झाल्यावर त्याच्या आईबापांशीं एकदां अवश्य बोलावें, एवढीच विनंति आहे.